मुख्य तळवा

"एका घराला एकच तळवा," दुकानदार म्हणाला. "शॉवर कधी, किती गरम, सगळं तोच ठरवणार. सरकारी नियम आहे, काकू."

सत्यभामाबाईंनी सुनेला, वृंदाला, मागे सारून नव्या शॉवर-यंत्राच्या काचेवर हात टेकवला. लाल दिवा लागला. वयाने तळव्याच्या रेषा झिजल्या होत्या. यंत्राला त्या वाचताच येईनात. तिसऱ्यांदाही लाल.

मग वृंदाने हात ठेवला. हिरवा.

"मला कडकडीत पाणी लागतं, लक्षात ठेव," सासूबाईंनी बजावलं.

बावीस वर्षं वृंदाने सगळ्यांच्या शेवटी, गिझर रिकामा झाल्यावर अंघोळ केली होती.

"आईंची अंघोळ शेवटी लावा," ती दुकानदाराला म्हणाली. "गार पाण्याची. सवय होते म्हणे. त्याच सांगायच्या मला."