चांगला हात

"आई गं, मेले," बबीताकाकू किंचाळल्या. ईश्वरीने अजून त्यांना हातही लावला नव्हता.

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून परीक्षक मॅडमनी मान वर केली, काहीतरी टिपलं आणि पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. मॅडम लेबनीज, भलत्या कडक. फिजिओथेरपीच्या डॉक्टरेटच्या तिसऱ्या वर्षाची ही प्रात्यक्षिक परीक्षा आणि ईश्वरीचा दुसरा, शेवटचा प्रयत्न. मागच्या वेळी ती एकाच गोष्टीपायी नापास झाली होती. दुखऱ्या बाजूआधी तिने चांगली बाजू तपासलीच नव्हती. आज पुन्हा नापास झाली तर तीन वर्षं पाण्यात.

काकू म्हणजे ठरवून आणलेल्या पेशंट. युनिव्हर्सिटी इथल्या, म्हणजे कतारच्या दोहा शहरातली अशी माणसं बोलावते, आजाराचा कागद हातात देते आणि दिवसभर तो आजार करून दाखवायला सांगते. काकूंच्या कागदावर होतं, डावा खांदा आखडलेला, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, उजवा ठणठणीत. अल हिलाल भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये त्यांनी आठवडाभर आरशासमोर तालीम केली होती. मंडळाच्या गणपतीतल्या नाटकांत आजवर त्यांच्या वाट्याला फक्त दासीची कामं आलेली, तीही बिनसंवादाची. आता मेन रोल मिळाला होता, सोडतात की काय. सकाळपासून चार विद्यार्थ्यांसमोर त्या चार वेळा मेल्या होत्या.

ईश्वरीच्या बॅजवरचं आडनाव वाचलं आणि काकू विव्हळता विव्हळता थांबल्या.

"मराठी का गं?" त्या हळूच म्हणाल्या. "मग ऐक. डावा खांदा आहे. आखडलाय. लिहून टाक आणि मोकळी हो."

पेशंटनेच पेपर फोडला. मॅडमनी इंग्रजीत विचारलं, काय म्हणतेय ती? फार दुखतंय म्हणते, असं ईश्वरीने इंग्रजीतच सांगितलं आणि ती कानापर्यंत लाल झाली.

उत्तर आयतं हातात आलं होतं. पण मागच्या वेळचा शेरा काही डोक्यातून जाईना.

"काकू, आधी चांगला हात," ती म्हणाली. तिचं मराठी दोह्यात वाढलेल्या मुलीचं, चार शब्दांवर भागवणारं.

"अगं, त्याला काय धाड भरलीय? उगाच वेळ नको घालवूस."

"वर करा ना, प्लीज."

काकूंनी उजवा हात उचलला. तो खांद्यापर्यंत आला आणि थांबला. काकू कमरेतून पार वाकड्या झाल्या, तरी हात वर जाईना. ईश्वरीला वाटलं, बाईंची बाजूच चुकली.

"काकू, हा चांगला हात ना?"

"हो. चांगलाच आहे की."

"मग अजून वर."

"एवढाच जातो गं तो. पुढे कळ येते."

"काय कळतं?"

"कळत नाही गं, कळ येते. थेट मस्तकात."

ईश्वरीने तो हात आपल्या हातात घेतला आणि सावकाश वर न्यायला लागली. मध्येच तो गंजलेल्या कडीसारखा अडला. काकू ओरडल्या नाहीत. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि एसीच्या त्या गारठ्यात त्यांच्या कपाळावर घाम आला. डाव्या हाताकडे नुसतं बघितलं तरी मरणारी बाई आता अवाक्षर काढत नव्हती.

"हे कधीपासून?"

"झालं असेल वर्ष. विंचरता येईनात म्हणून केस कापून टाकले. छान दिसतात म्हणाले सगळे."

"यल्ला, चला, दोनच मिनिटं उरलीत," मॅडम म्हणाल्या.

डावा खांदा अजून तपासायचाच होता आणि बहुतेक सगळे मार्क तिकडेच होते. ईश्वरीने घड्याळाकडे पाहिलं, काकूंच्या कपाळावरच्या घामाकडे पाहिलं आणि मनातल्या मनात पदवीला रामराम ठोकला. कोन मोजायची पट्टी टेबलावर ठेवून ती मॅडमकडे वळली.

"परीक्षा थांबवा," ती इंग्रजीत म्हणाली. "कागदावरचा आजार डावीकडे आहे. खरा उजवीकडे आहे. यांना आजच डॉक्टरला दाखवायला हवं."

मॅडम वैतागून उठल्या. हाही अभिनयच, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. त्यांनी स्वतः काकूंचा उजवा हात धरून वर नेला, आणि तो जिथे अडला तिथेच त्याही अडल्या.

परत खुर्चीवर बसून त्यांनी सकाळचे चार पेपर पुढे ओढले. चारही पेपरांवर एकच ओळ होती, उजवा खांदा नॉर्मल. प्रत्येक ओळीपुढे मॅडमनी स्वतःच्या हाताने बरोबरची खूण केलेली होती. त्यांनी त्या चारही खुणा एकेक करून खोडल्या. मग ईश्वरीच्या पेपरवर 'पास' लिहून सही केली.

"या चौघांची परीक्षा पुन्हा होईल," त्या म्हणाल्या. "हात न लावता नॉर्मल लिहितात. आणि मी मार्क देते."

ईश्वरीने 'पास' हा शब्द दोनदा वाचला. काकूंना मात्र राहवेना. त्यांनी आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मॅडमना समजावलं, पोरांचा काही दोष नाही, त्या सगळ्यांनी विचारलं होतं, मीच सांगितलं की तो हात चांगला आहे.

"कागदावर तसं होतं ना, काकू, म्हणून तुम्ही सांगितलंत," ईश्वरी म्हणाली.

"त्याला कागद कशाला लागतोय?" काकू मराठीत पुटपुटल्या. "घरी वर्षभर तेच तर सांगतेय, हात चांगला आहे."