जागल

इंद्रभाननं नाकावरचा मुखवटा ओढून काढला आणि तो बाजेवर उठून बसला. पोट नगाऱ्यासारखं तट्ट फुगलं होतं. बंडीची बटणं सोडली तरी आराम पडेना. स्टुलावरचं मशीन घुमतच होतं आणि मोकळ्या नळीतून वारा फसफसत होता.

"घेऊन जा हे, बापू," तो जावयाला म्हणाला. "सारा वारा माह्या पोटात भरते. मी माणूस हाय का सायकलची ट्यूब?"

जावई माणिकराव नागपूरच्या एका दवाखान्यात नोकरीला होता. घोरता घोरता इंद्रभानचा श्वास मधेच थांबतो, हे तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं. उपाय हे मशीन. नाकातून सतत वारा सोडायचा, म्हणजे झोपेत घसा मिटत नाही. नाही लावलं, तर एखाद्या वेळी थांबलेला श्वास परत सुरू व्हायचा नाही. अशी मशीनं तेव्हा नागपुरातसुद्धा मोजकीच होती. माणिकरावानं शब्द टाकून एक मिळवलं होतं. पण इंद्रभान ते लावून निजला की सकाळी ढेकरांवर ढेकर, पोटात कळा, अन्नावरची वासना उडालेली. त्यानं ते कोपऱ्यात सारलं होतं. वापरायचं नसेल तर दवाखान्याला परत हवं होतं, म्हणून माणिकराव सासुरवाडीला, धामणगाव बढ्याला आला होता. त्याच्या आग्रहाखातर आज जेवण झाल्यावर शेवटचं लावून पाहिलं, तर हे असं. संध्याकाळच्या मलकापूरच्या एस.टी.नं मशीन जाणार हे ठरल्यातच जमा होतं.

सत्यभामाबाई आतल्या दाराशी उभी होती. जावयापुढं ती फारसं बोलत नसे. आज पदर सावरून पुढं आली आणि या वाऱ्याचं डॉक्टरांनी काही सांगितलं होतं का, असं तिनं विचारलं. माणिकराव म्हणाला, सांगितलं होतं की. उशाकडची बाजू उंच करायची. डाव्या कुशीवर निजायचं. पोटभर जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. तोंड मिटलेलं ठेवायचं. एवढ्यानं भागलं नाही, तर मशीनचा जोर थोडा उतरवायची मुभा होती.

"मंग यातलं काय केलं तुमी?" तिनं नवऱ्याला विचारलं.

इंद्रभान बंडीची बटणं लावू लागला.

तिनं अंगणातून विटा आणल्या. माणिकरावानं बाज उचलून धरली, तिनं उशाकडच्या पायांखाली त्या सरकवल्या. इंद्रभानला हसू आलं. ओला हरभरा खाऊन बैल फुगला, की त्यालाही असंच पुढचे पाय चढावर ठेवून उभं करत.

"माहा बैलच करून टाकला तुनं."

"बैल आयकते तरी," ती म्हणाली.

तोंड मिटून राहावं म्हणून हनुवटीखालून पट्टी बांधतात, असं माणिकराव सांगत होता. तिनं ते करू दिलं नाही. हनुवटी कोणाची बांधतात हे तिला ठाऊक होतं. मी जवळ बसते, तोंड उघडलं की मिटून देईन, एवढंच तिनं सांगितलं. पोट हलकं होईपर्यंत इंद्रभाननं अंगणात फेऱ्या मारल्या. मग मुखवटा लावून तो डाव्या कुशीवर निजला. माणिकरावानं मशीनची कळ जराशी फिरवली.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. काहीतरी निराळं होतं. काय, ते त्याला लवकर उमगेना. डोकं जड नव्हतं. छाती धडधडत नव्हती. पोटात थोडा वारा होता, तो एका ढेकरेसरशी गेला. नुकतंच पडलेलं स्वप्न अजून डोळ्यांपुढं होतं. आई विहिरीवर लुगडं पिळत होती आणि तिच्या कपाळावरचं गोंदण स्वच्छ दिसत होतं. कितीतरी वर्षांत त्याला स्वप्नच पडलं नव्हतं. तो नुसता पडून राहिला. श्वास येत होता, जात होता, कुठंच अडत नव्हता. हे इतकं सोपं असतं?

मग त्याची नजर खाली गेली. सत्यभामाबाई जमिनीवर बसल्या बसल्या बाजेच्या कडेला डोकं टेकून झोपली होती. एक हात त्याच्या छातीशी होता.

लग्न झाल्यापासून त्यानं तिला झोपलेलं पाहिलंच नव्हतं. तो निजल्याशिवाय ती निजत नसे, आणि तो उठायच्या आत तिची चूल पेटलेली असे. आमच्या हिला झोपच कमी, असं तो चारचौघांत सांगायचा. रात्री ती त्याला गदागदा हलवून उठवायची, तेव्हा तो खेकसायचा. ती काही न बोलता कूस बदलायची. काऊन उठवलं, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. ती रात्रभर त्याचा श्वास ऐकत जागायची, हे आत्ता त्याच्या ध्यानात आलं.

तिच्या कपाळावर आठी नव्हती. ती आठी जन्मापासूनचीच असेल, असं तो धरून चालला होता. आठीशिवायचा हा चेहरा तो एखाद्या परक्या बाईकडं पाहावं तसा, जपून, पाहत राहिला.

रिकामा खोका घेऊन माणिकराव दारात आला. गाडीची वेळ झाली, असं तो सांगू लागला, तेवढ्यात इंद्रभाननं हात वर केला. मुखवटा बोटभर उचलून तो कुजबुजला,

"हळू बोला, बापू. तुमच्या मामी झोपून राह्यल्या."

माणिकरावानं सासूकडं पाहिलं, मशीनकडं पाहिलं. खोका त्यानं आवाज न करता बाहेर नेऊन ठेवला.

इंद्रभाननं मुखवटा नीट बसवला. तिचा हात हलू नये म्हणून तो तसाच कुशीवर राहिला. तिचा श्वास आत गेला. बाहेर आला. मधे क्षणभर काहीच नाही.

इंद्रभान पुढच्या श्वासाची वाट पाहत राहिला.