ठोक्यांचा नमुना

दारात वरच्या मजल्यावरच्या निरगुडकरबाई उभ्या होत्या. तोंड चाललेलं, हातवारे चाललेले, आणि आवाज म्हणाल तर शून्य. वृंदाला मनापासून बरं वाटलं.

या बाईने तिला सहा वर्षं पिडलं होतं. रोज भरदुपारी लोखंडी खलबत्त्यात मसाला कुटायचा आणि कुणी बोलायला गेलं की अंगावर यायचं. सोसायटीने तर वृंदाच्या तक्रारींकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी तिने भिंतींना शोषपटल लावून घेतलं. नको असलेल्या आवाजाचा नमुना दिला, की तो आवाज आपल्या घरापुरता मेला. तिने दोन नमुने दिले होते: बत्त्याचे ठोके आणि बाईंचा गळा.

"बोला, बोला. घसा बसेपर्यंत बोला," असं म्हणून वृंदाने त्यांच्या तोंडावर दार आपटलं.

थोड्या वेळाने दाराखालून एक कागद आत सरकला. वृंदाचाच जुना तक्रारअर्ज होता. त्याच्या पाठीमागे खरडलं होतं: "अगं भवाने, तुझे सासरे तासभर भिंतीवर काठी ठोकतायत. आम्हाला वर ऐकू येतंय, तुला नाही?"

अर्धांगवायूने वाचा गेल्यापासून ती काठी हीच त्यांची हाक होती. आणि पटलाला काठी काय, बत्ता काय, सारखेच.

वृंदा धावली, पण सासऱ्यांच्या खोलीच्या बंद दाराशी तिचे पाय थबकले. तिने आधी भिंतीवर तळहात टेकला. ठोके चालू असते, तर हादरा हाताला लागला असता.

हाताला काहीच लागलं नाही.