लाल खूण

रेकॉर्ड प्लेअरच्या आवाजाच्या बटणावर ह्यांनी माझ्याच नेलपॉलिशनं तीनच्या आकड्यापाशी लाल खूण केली होती. "याच्या पुढे न्यायचं नाही. बाईमाणसानं कसला एवढा घसा फाडायचा!" माझ्या लाडक्या रॉक गायिका मी तीस वर्षं स्पीकरला कान लावून ऐकल्या. ह्यांच्याशीही तेवढ्याच आवाजात बोलले.

काल कानाच्या डॉक्टरांनी ह्यांना तपासलं आणि मला बजावलं, "काकांना कमी ऐकू येतंय. काकू, आता घसा मोकळा सोडून बोलायचं."

घरी आल्या आल्या मी रेकॉर्ड लावली आणि बटण थेट दहावर नेलं. खिडकीच्या काचा थरथरल्या. हे सोफ्यावरून ताडकन उठले. "अगं, हे काय चालवलंयस?"

 

"घसा फाडायची शिकवणी लावलीय!" मी त्या गायिकेच्याही वरच्या पट्टीत सांगितलं.