पाव्हण्याचा पहिला नंबर

रेशमाचे किडे पाळायला शिकवण्यासाठी पार्क कोरियाहून औंधला आला, त्याला दोन वर्षं झाली होती. आसपासच्या जत्रांतल्या धावण्याच्या प्रत्येक शर्यतीत तो धावे आणि पहिला येई. शहात्तर सालच्या जत्रेत मात्र फीत समोर दिसत असताना सगळ्यांच्या पुढं असलेला गुंडा नावाचा औंधचा पोरगा एकदम थांबला. “पाय दुखतोय?” पार्कनं त्याला गाठून विचारलं. “न्हाई. तुमी व्हा फुडं. पाव्हण्याला हरवायचं न्हाई, समद्या गावांचं पयल्यापास्नं ठरलंय.” घरी आईला कौतुकानं पाठवलेली सगळी पदकं पार्कच्या डोळ्यांपुढं आली आणि त्याच्या डोक्यात तिडीक गेली. “मी पाव्हणा न्हाई! पळ!” “तुमी पळा!” दोघं रस्त्यातच हुज्जत घालत राहिले, तेवढ्यात मागून आलेल्या, या भागात नवख्या चांदसाहेब तांबोळ्यानं फीत तोडली. गुंडा भडकला. “आरं येड्या, तुझ्यापायी माझाबी नंबर गेला!” औंधात पार्कला कुणी पहिल्यांदाच अरेतुरे केलं होतं.