दारावरचा दत्त

भिवाजीनं पिकअपच्या दोन्ही दारांवर देवांचे स्टिकर चिकटवले. पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीवाल्यांनी दारं आपटून आपटून नव्याकोऱ्या पत्र्याला पोचे पाडले होते. "लोकांनी थुंकू नये म्हणून जिन्यात देव लावतात ना, तसे," असं बायकोनंच सुचवलं होतं.

मंगल कार्यालयाबाहेर चहा पिताना त्यानं बघितलं, तर शेजारच्या गाडीतल्या पाहुण्यानं उतरताना दार थेट दत्तावर आपटलं. मग पोचा चाचपून, दत्ताच्या पाया पडून गडी खुशाल जेवायला गेला.

"थू तुमच्या भक्तीवर!" भिवाजीला शिसारीच आली. तणतणत त्यानं आपलं दार उघडलं, ते पलीकडच्या मोटारीला दणकन बसलं. त्यानं वाकून बघितलं. पोचा पडला होता, पण तिथं देव नव्हता.

"बरं झालं, पाप नाही लागलं," पुटपुटत त्यानं गाडी काढली.