पालथा पोपट

"ग्लासखालच्या चकतीवर लक्ष ठेव," बारच्या दारातच ताईने त्याच्या कानात सांगितलं. "चकतीवरचा पोपट वर असला की सगळं ठीक. समोरच्याचा कंटाळा आला की चकती पालथी घालायची. मग वेटर येतो, तुमची गाडी आडवी लागलीय म्हणतो आणि सुटका करतो. इथली पद्धतच आहे ती. जागा मुलीनेच निवडलीय, तेव्हा तुझा पोपट होऊ देऊ नकोस."

तो चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचा. आज त्याला स्वतःला तिच्या ग्लासखेरीज दुसरं काही दिसेना.

ती पियानो सुरात लावून द्यायची. सोबत तिचे मामा आले होते. लग्नाचं बोलायचं दोघांनी, आणि टेबलाशी माणसं चार. जिन आली, बिअर आली. मग तळलेले मशरूम, ऑलिव्ह आणि भाजलेल्या पावावर वितळलेलं चीज अशा चिमुकल्या बशा आल्या.

"गाडी कोणती तुमच्याकडे?" मामांनी विचारलं.

"गाडी नाही. बसने येतो-जातो."

ताईने टेबलाखालून त्याला पाय मारला. समोर बसलेली ती मात्र हसली. "बरंय की. पार्किंगची कटकट नाही."

ते हसू त्याला फार आवडलं. खरं तर ती आत आली तेव्हापासूनच त्याला आवडली होती.

त्याने तक्त्यावरची अक्षरं पाठ करून आलेल्या एका आजोबांची गंमत सांगितली. तिने सांगितलं, एका पियानोत तिला कुणाची तरी कवळी सापडली होती. पण गप्पा जरा रंगात आल्या की मामांना गुडघ्याचं ऑपरेशन आठवे, नाहीतर ताईला स्वयंपाकघरातल्या नव्या फरशा.

शेवटी मामांनीच त्याला काचांबद्दल विचारलं आणि गडी सुटला. बारीक काच, जाड काच, काचेवरचा लेप. बोलता बोलता त्याने पाहिलं, तिने ग्लास उचलला, चकती रुमालाने पुसली आणि शांतपणे पालथी घातली.

त्याचं वाक्य अर्धवटच राहिलं.

वेटर आला. "मॅडम, तुमची गाडी आडवी लागलीय. जरा काढता का?"

"आलेच," म्हणत तिने पर्स उचलली आणि मागे वळूनही न पाहता गेली. मामांना पत्ताही लागला नाही. ते पुन्हा ताईला गुडघ्याचं सांगू लागले होते आणि एव्हाना टाक्यांपर्यंत आले होते.

त्याला खरंच वाईट वाटलं. ताईने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, चकतीकडे पाहिलं आणि उरलेला एकुलता एक मशरूम त्याच्या बशीत वाढला. "खा," ती हळूच म्हणाली.

त्याने तो मुकाट्याने तोंडात टाकला. तेवढ्यात वेटर पुन्हा आला आणि या वेळी त्याच्याजवळ वाकला.

"सर, तुमचीही गाडी काढावी लागेल. मॅडम बाहेर खोळंबल्यात."